गाडीतलं अल्कोलॉक आणि ड्रंक अँड ड्राइव्हची केस: पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्कोलॉक, इंटरलॉक, ब्रेथ लॉक ही सगळी एकाच यंत्राची नावं. गाडी चालू करण्याआधी नळीत फुंकायचं. श्वासातली दारू ठरलेल्या आकड्याच्या वर निघाली तर स्टार्टर फिरत नाही. बाहेरच्या अनेक देशांत दोषी ठरलेल्या चालकाला हे सक्तीने बसवावं लागतं. आपल्याकडे ते स्वतःहून किंवा घरच्यांच्या आग्रहाने बसवलं जातं, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पुण्यात केस झाली आहे. कोर्ट मला हे यंत्र बसवायला लावेल का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये दोषी चालकाच्या गाडीत अल्कोलॉक बसवण्याची शिक्षा सांगणारं कलम नाही. यंत्र बसवलं म्हणून शिक्षेत हक्काची सूटही नाही. वकील ते न्यायाधीशांसमोर चांगल्या वर्तणुकीचा मुद्दा म्हणून मांडू शकतात. तो किती धरायचा हे सर्वस्वी कोर्टाच्या हाती.

मग शिक्षा नेमकी काय आहे?

कलम १८५. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती अट गेली. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची केसही आज मोजली जाते.

कलमाचे शब्द ‘चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’ असे आहेत. तेव्हा ‘गाडी पार्किंगमधून निघालीच नव्हती’ हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही.

पावती फाडून जागेवर मिटत नाही का?

सिग्नल तोडल्याची मिटते, ही नाही. तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि १८५ तिच्यात नाही. कोर्टात हजर राहावंच लागतं. ‘साहेबांशी बोलून करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर तो तुमच्याकडून दंडाव्यतिरिक्तचेच पैसे घेतोय असं समजा.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती पेग?

बहुतेकांच्या अंदाजापेक्षा खूप कमी. भारतीय व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. ७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी तो झटकन संपवला तर रक्तातला आकडा ४० च्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे एका लार्जमध्येच मर्यादा ओलांडली. पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम असतं, आठ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये ४१. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी, त्यामुळे तेवढ्याच वजनाला आणि तेवढ्याच दारूला त्यांचा आकडा वर जातो. जेवण झालेलं असेल तर शिखर थोडं खाली येतं आणि उशिरा येतं. पण उशिरा येतं म्हणजे ते नेमकं तुम्ही गाडीत बसल्यावर येतं.

हा हिशेब कल्पना यावी म्हणून दिला आहे. ‘एवढी चालते’ हे ठरवण्यासाठी तो वापरू नका.

रस्त्यावर फुंकायला नकार दिला तर?

संशयाला वाजवी कारण असेल तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि मग ठाण्यात डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना मागितला जातो (कलम २०३ आणि २०४). सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ खाली तुमच्याच विरुद्ध धरता येतो. दुसऱ्या बाजूने तुमच्यासाठीही एक संरक्षण आहे: १८५ खाली अटक झाल्यापासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. ते कलम २०२ मध्ये आहे.

रक्त घेताना त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसू नये आणि नमुना सोडियम फ्लोराइड घातलेल्या नळीत भरावा. फ्लोराइड नसेल तर नमुन्यात जंतूंमुळे आंबण्याची क्रिया होऊन आकडा बदलू शकतो. सील, वेळ आणि सही तिथेच डोळ्यांखालून घाला. १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर नमुन्यांच्या अदलाबदलीच्या आरोपावरून अटका झाल्या. रक्ताची एक छोटी नळी केसमध्ये किती महत्त्वाची असते, हे तेव्हापासून पुण्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

लायसन्स सस्पेंड झालं आहे. अल्कोलॉक बसवलेली गाडी तरी चालवता येईल ना?

नाही. सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. अमेरिकेत काही राज्यांत ‘इंटरलॉक असलेलीच गाडी चालवा’ असं मर्यादित लायसन्स मिळतं. कोणीतरी तिकडच्या भाच्याकडून ते ऐकतं आणि इथे लागू करतं. इथे तशी सोयच नाही.

इथे होतं असं: पोलीस कलम २०६ खाली लायसन्स घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून घेऊन कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवू शकतं, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. सस्पेंड झालेल्याला ड्रायव्हिंगचा उजळणी अभ्यासक्रमही करावा लागतो. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. शहराचं कार्यालय संगम पुलाजवळ, पिंपरी-चिंचवडचं मोशीला. कुठे जायचं ते नोटिशीवर वाचून ठरवा, गाडीच्या नंबरवरून नाही. सुनावणीची नोटीस टाळू नका. न गेल्याने प्रकरण थांबत नाही, फक्त तुमचं म्हणणं फाइलमध्ये येत नाही.

अपात्र असताना चालवल्यास कलम १८२ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. यंत्राने ‘पास’ म्हटलं म्हणून यात काही फरक पडत नाही. त्याला दारू कळते, लायसन्स कळत नाही.

यंत्राचे भाग कोणते आणि ते गाडीत कुठे जोडतात?

तीन भाग. हातात धरायचा हँडसेट, त्यात सेन्सर आणि पडदा. डॅशबोर्डखालचा कंट्रोल बॉक्स, त्यात रिले आणि नोंदी साठवणारी मेमरी. तिसरी वायरिंग: बॅटरीचा कायम पॉझिटिव्ह, चावी फिरवल्यावर येणारा पॉझिटिव्ह, अर्थिंग, आणि स्टार्टरकडे जाणारी वायर कापून तिच्यात बसवलेला रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारा स्विच. श्वास पास झाला की रिले जुळतो आणि स्टार्टरला करंट जातो. इंधन पंपाच्या किंवा इंजिनच्या ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) लाइनमध्ये रिले घालायचा नसतो. तसं केलं आणि रिले बिघडला, तर नवले पुलाच्या उतारावर चालती गाडी बंद पडेल. मेकॅनिक ‘इकडून सोपं जाईल’ म्हणाला तरी ऐकू नका.

साध्या चावीच्या गाडीला दीड-दोन तास लागतात. जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी हवी. नुसत्या काळ्या चिकटपट्टीचे जोड पहिल्या पावसाळ्यात टिकतात, दुसऱ्यात हमखास त्रास देतात.

कोणता सेन्सर घ्यावा? इंटरनेटवर दोन-तीनशे रुपयांतही सेन्सर दिसतो.

तो बहुधा एमक्यू-३. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या निम्म्या प्रोजेक्टांत तोच असतो. सेमीकंडक्टर सेन्सर आहे. दमटपणा आणि तापमानाबरोबर आकडा हलतो, आणि दारूखेरीज इतर वाफांनाही तो प्रतिसाद देतो. दिवा पेटवायला ठीक, गाडी अडवायला नाही.

फ्युएल सेलचाच घ्या. त्यात प्लॅटिनमच्या पट्टीवर इथेनॉलचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून निघणारा करंट मोजला जातो. उपवासात किंवा मधुमेहात श्वासात येणाऱ्या ॲसिटोनला तो दाद देत नाही. युरोपियन मानक ईएन ५०४३६ चे दोन भाग लक्षात ठेवा: भाग १ दोषी चालकांच्या कार्यक्रमासाठी, भाग २ स्वेच्छेने बसवणाऱ्यांसाठी. पुण्यातल्या घरगुती वापराला भाग २ पुरतो.

यंत्रावर ०.२५ असं सेट केलेलं दिसतं. ते बरोबर आहे का?

आपल्याकडे ते चूक आहे, आणि धोकादायक चूक आहे.

बाहेरून आलेली यंत्रं वेगवेगळ्या एककांत बोलतात. युरोपियन यंत्र श्वासाच्या एका लिटरमागे मिलिग्रॅम दाखवतं. अमेरिकन यंत्र रक्तातली टक्केवारी दाखवतं. आपला कायदा रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅम म्हणतो. रूपांतर असं: श्वासाचा आकडा गुणिले २१०. म्हणजे ०.२५ म्हणजे सुमारे ५२, आपल्या मर्यादेच्या पावणेदोन पट. तेवढी प्यायलेल्या माणसाला यंत्र हिरवा दिवा देईल आणि पुढच्या नाकाबंदीत तो पकडला जाईल. ०.१० म्हणजे सुमारे २१. अमेरिकेतल्या यंत्रांत सहसा ०.०२० असतो, म्हणजे २०.

बसवतानाच युरोपियन यंत्र ०.१० वर किंवा अमेरिकन यंत्र ०.०२० वर सेट करून घ्या आणि सेटिंगचा कागद सहीसह मागा. ३० च्या काठावर ठेवू नका. पोलिसांचं यंत्र आणि तुमचं यंत्र यांच्यात दोन-चार मिलिग्रॅमचा फरक असतोच, आणि वाद झाला तर तुमच्या यंत्राला कोणी साक्षीला बोलावणार नाही.

रोज वापरायचं कसं?

चावी ‘ऑन’वर आणा, हँडसेट तापून तयार होऊ द्या. पुण्याच्या थंडीतही अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुरतं. एक खोल श्वास घ्या आणि न थांबता चार-पाच सेकंद एकसारखं फुंका. साधारण १.२ ते १.५ लिटर हवा लागते. काही यंत्रांत फुंकता फुंकता ‘हूं’ असा घशातून आवाज काढायचा असतो, काहींत शेवटी हवा आत ओढायची असते. हे नाटक नाही. फुगा किंवा सायकलचा पंप ‘हूं’ म्हणू शकत नाही, म्हणून ते आहे.

पास झाल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत गाडी चालू करा, नाहीतर पुन्हा फुंकावं लागेल. फेल झालात तर पहिल्या वेळी साधारण पाच मिनिटं आणि पुढच्या वेळी अर्धा तास यंत्र फुंकूच देत नाही.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे वाढदिवसाच्या मेणबत्तीला फुंकतात तसं जोरात आणि थोडकं फुंकणं. ‘नमुना अपुरा’ असा संदेश येतो आणि माणूस यंत्राला शिव्या देतो. बासरीत फुंकतात तसं फुंका: हळू, लांब, सलग.

गाडी चालत असताना ते पुन्हा का फुंकायला लावतं? फेल झालो तर इंजिन बंद पडेल?

गाडी चालू करून मग बाटली उघडणारे असतात, आणि बाहेर उभ्या मित्राला फुंकायला लावून निघणारेही असतात, म्हणून. पहिली मागणी निघाल्यावर काही मिनिटांतच येते, नंतर अनियमित अंतराने. उत्तर द्यायला साधारण पाच-सहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात डावीकडे गाडी घ्या आणि मग फुंका. चालवता चालवता फुंकू नका.

इंजिन बंद पडत नाही. नीट बनवलेलं कुठलंही यंत्र चालतं इंजिन बंद करत नाही. भोंगा, दिवे आणि नोंद, एवढंच. स्वतःहून बसवताना ही सोय बंदही ठेवता येते, पण मग यंत्र निम्मं उरतं.

थेंबभर घेतली नाही तरी फेल दाखवतं. का?

बहुतेक वेळा तोंडातल्या अल्कोहोलमुळे. ते फुप्फुसातून आलेलं नसतं, पण सेन्सरला फरक कळत नाही. पुण्यात नेहमी सापडणारी कारणं:

माउथवॉश. होमिओपॅथीचे थेंब, कारण मदर टिंक्चरचा पायाच अल्कोहोल. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट: आसव-अरिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल पाच-दहा टक्के असतं. ३० मिलिलिटरच्या डोसने रक्तातला आकडा नगण्य वाढतो, पण पुढची दहा मिनिटं तोंडात मात्र तो जोरात दिसतो. उन्हात ठेवलेली नीरा झपाट्याने आंबते. सकाळची नीरा आणि दुपारची नीरा यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी पेयं आहेत. ताजा पाव, फार पिकलेली फळं, काही खोकल्याची औषधं यांचाही थोडा परिणाम दिसतो.

तोंडाबाहेरचीही कारणं असतात. हाताला नुकतं लावलेलं सॅनिटायझर, गाडीत मारलेला परफ्यूम, काच पुसायचं स्पिरिट. हे असेल तर काचा खाली करा, हात धुवा.

उपाय एकच: साध्या पाण्याने चूळ भरा आणि १५ मिनिटं थांबा. तोंडातलं अल्कोहोल तेवढ्यात जातं. पुन्हा फुंकल्यावर आकडा शून्याजवळ कोसळला तर ते तोंडातलं होतं. थोडासाच खाली आला किंवा तिथेच राहिला तर ते रक्तातलं आहे, मग कारणं शोधण्यात वेळ घालवू नका, रिक्षा करा.

तंबाखू, गुटखा आणि पानाचा त्रास वेगळाच. आकडा फुगत नाही, पण कण नळीत जातात, आतला मार्ग चोंदतो आणि सेन्सर लवकर मरतो.

काल रात्री घेतली होती. सकाळी अंघोळ, चहा, नाश्ता झाला, तरी लॉक!

यंत्र बरोबर आहे. शरीर रक्तातला आकडा ताशी सरासरी १५ मिलिग्रॅमने उतरवतं. काहींचं १०, काहींचं २०. अंघोळ, लिंबूपाणी, कडक कॉफी, उलटी, कशानेही हा वेग वाढत नाही.

उदाहरण घ्या. ७० किलोचा माणूस रात्री नऊपासून एक क्वार्टर आणि वर एक स्ट्राँग बिअर घेतो. एकूण सुमारे १०० ग्रॅम अल्कोहोल, रक्तातला एकूण भार २१५ च्या आसपास. सकाळी आठला, म्हणजे अकरा तासांनी, १६५ उतरलेलं असेल. शिल्लक ५०. तो स्वतःला टवटवीत समजतो, मुलीला शाळेत सोडायला निघतो, आणि कायद्याने तो अजून दारू पिऊन गाडी चालवतोय. २० च्या खाली यायला त्याला दहा वाजतील, तेही शरीराने सरासरीच्या वेगाने काम केलं तर.

यंत्र बसवल्यावर पहिल्या महिन्यातले बहुतेक ‘फेल’ रात्रीचे नसून सकाळचे असतात. रात्री माणूस कॅब करतो, सकाळी विसरतो.

मला मधुमेह आहे, कधी कडक उपवासही करतो. अडचण येईल?

फ्युएल सेलला ॲसिटोन दिसत नाही, त्यामुळे सहसा नाही. मात्र अगदी कमी पिष्टमय आहारावर किंवा लांबलेल्या उपवासात शरीर थोड्या ॲसिटोनचं आयसोप्रोपिल अल्कोहोल करतं, आणि ते सेन्सरला दिसतं. दुर्मिळ आहे, पण घडतं. वारंवार लहानसा आकडा दिसत असेल तर पोटात काही घाला, डॉक्टरांना दाखवा. मधुमेहींनी याकडे ‘यंत्राचा बिघाड’ म्हणून बघू नये. वाढलेली कीटोन्स (ॲसिटोन त्यातलंच एक) ही स्वतंत्र आणि गंभीर तक्रार आहे.

दमा आहे, एवढी हवा निघत नाही.

डॉक्टरांचं पत्र आणि फुप्फुस तपासणीचा अहवाल घेऊन जा; हवेची मर्यादा कमी करून मिळते.

मी प्यायलो असताना बायकोने किंवा ड्रायव्हरने फुंकून दिलं तर?

फुंकून देणाराही अडकतो. कलम १८८ नुसार १८५ च्या गुन्ह्याला मदत किंवा चिथावणी देणाऱ्याला तीच शिक्षा आहे. नशेत असलेल्याच्या हाती जाणूनबुजून चावी देणाऱ्यालाही हे कलम गाठू शकतं. घरातल्यांना हे आधीच मोकळेपणाने सांगून ठेवा. रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये ‘फुंक गं जरा’ म्हटल्यावर नाही म्हणायला तिच्याकडे कारण हवं.

धक्का मारून गाडी चालू होईल ना?

मॅन्युअल गिअरची होईल, कारण रिले फक्त स्टार्टर अडवतो. पण चाचणीशिवाय इंजिन फिरलं ही नोंद मेमरीत पडते, तारीख-वेळेसकट. बॅटरी खरंच उतरली असेल तर आधी जंपर लावून यंत्र जिवंत करा, फुंका, मग चालू करा.

दुचाकीला बसतं का?

नीट बसत नाही. पुण्यात हे उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. बाजारातली बहुतेक यंत्रं १२ आणि २४ व्होल्टच्या चारचाकींसाठी आहेत. स्कूटरला किक असली की स्टार्टर अडवून उपयोग शून्य. इग्निशनची लाइनच अडवावी लागते, आणि मग रिलेचा बिघाड चालत्या दुचाकीवर आला तर माणूस पडतो. पावसात हँडसेट ठेवायचा कुठे हा प्रश्न निराळाच. दुचाकीवाल्याने हातात धरायचा फ्युएल सेलचा मीटर आणि चावी घरी ठेवण्याची शिस्त, एवढ्यावर भागवावं.

पुश बटण, हायब्रिड, इलेक्ट्रिक गाडी?

पुश बटणाच्या पेट्रोल-डिझेल गाडीत स्टार्टर रिलेचा सिग्नल अडवतात. इलेक्ट्रिकमध्ये स्टार्टरच नाही, त्यामुळे गाडी ‘रेडी’ होण्याचा सिग्नल अडवावा लागतो, आणि त्यासाठी त्या मॉडेलची वायरिंग आकृती हवी. आकृती न बघता हात घालणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या गाड्यांत एक हमखास घोळ होतो. इंजिन चालू आहे की नाही हे यंत्राने आल्टरनेटरच्या व्होल्टेजवरून ओळखायचं ठेवलं असेल, तर विद्यापीठ चौकातल्या लांब सिग्नलला त्याला वाटतं गाडी बंद झाली. हिरवा लागतो, यंत्र म्हणतं फुंका, मागे हॉर्नचा गजर. ओळख इग्निशनच्या सिग्नलवरून करून घ्या, किंवा निदान पुनःप्रारंभाची सवलत, म्हणजे न फुंकता पुन्हा चालू करण्याची मुभा, पाच मिनिटांची ठेवा.

कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा तपासून जुळवून घेणं, किती दिवसांनी?

अमेरिकेतल्या सक्तीच्या कार्यक्रमांत साधारण ३० ते ६० दिवसांनी. स्वेच्छेच्या वापराला उत्पादकाने सांगितलेली मुदत, बहुधा सहा महिने ते वर्ष. चुकवू नका. फ्युएल सेल म्हातारा होतो तसा कमी दाखवायला लागतो, म्हणजे चूक तुम्हाला आवडेल त्या दिशेने होते आणि कोणी तक्रार करत नाही.

पुण्यासाठी एक बारकी गोष्ट. कॅलिब्रेशन ठरावीक अल्कोहोल मिसळलेल्या कोरड्या गॅसच्या सिलिंडरने करत असतील तर हवेच्या दाबाची दुरुस्ती लावली का, विचारा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथला दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी, आणि तेवढंच त्या गॅसच्या एका लिटरमधलं अल्कोहोलही कमी. दुरुस्ती न लावता सेट केलेलं यंत्र तुमचा आकडा सहा-सात टक्के फुगवून दाखवेल. ३४ अंशांवर तापवलेल्या पाणी-अल्कोहोलच्या सिम्युलेटरने केलं तर हा प्रश्न येत नाही. हे विचारल्यावर समोरचा गोंधळला, तर दुसरीकडे जा.

गाडी दोन आठवडे उभी होती, बॅटरी गेली.

यंत्र झोपेतही थोडा करंट खातं. जुनी बॅटरी असेल तर दोन-तीन आठवड्यांत उतरते. दर चार-पाच दिवसांनी गाडी अर्धा तास चालवा किंवा चार्जर लावा. आणि एप्रिल-मेमध्ये हँडसेट उन्हात डॅशबोर्डवर सोडू नका. बहुतेक हँडसेट सुटे करता येतात, घरी न्या.

सर्व्हिसिंगला गाडी देताना?

मेकॅनिकलाही फुंकावं लागेल, म्हणून त्याला दाखवून द्या आणि त्याच्यासाठी वेगळं माउथपीस ठेवा. काही यंत्रांत ठरावीक काळापुरता कोड देऊन लॉक बाजूला ठेवता येतं. बॅटरी काढल्याची नोंद पडते, त्यामुळे जॉब कार्ड जपून ठेवा.

वॉरंटी आणि इन्शुरन्स?

कापलेल्या वायरिंगवरून डीलर इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारू शकतो. आधी लेखी विचारा. विमा कंपनीलाही कळवा.

चालक नशेत असताना झालेलं गाडीचं नुकसान स्वतःच्या पॉलिसीतून मिळत नाही. पॉलिसीच्या अपवादांत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. यंत्र बसवलेलं होतं हा क्लेमचा आधार होत नाही. उलट मेमरीतली ‘चाचणी न देता चालवली’ ही नोंद तुमच्याच गळ्यात येऊ शकते.

मुलगा अमेरिकेत आहे, डीयूआयनंतर (तिकडच्या ड्रंक अँड ड्राइव्हच्या केसनंतर) त्याच्या गाडीत हे बसलंय. आम्ही तीन महिने जाणार आहोत. त्याची गाडी चालवता येईल?

तुमचं लायसन्स तिथे चालत असेल तर सहसा येईल, पण प्रत्येक वेळी तुम्हालाही फुंकावं लागेल आणि तुमचा ‘फेल’ त्याच्या नावावर लागेल. यंत्राला कोण फुंकतंय ते फक्त कॅमेरा असला तरच कळतं, आणि खुलासा नंतर त्याला करावा लागतो. म्हणून बॅगेतलं आसव, होमिओपॅथीचे थेंब, माउथवॉश यांच्यानंतर १५ मिनिटांचा नियम तिथे काटेकोर पाळा. तो प्यायलेला असताना त्याच्यासाठी फुंकू नका. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि व्हिजिटर व्हिसावरच्या आईवडिलांना तो परवडणारा नाही.

पुण्यातली केस अमेरिकेच्या व्हिसा फॉर्ममध्ये लिहावी लागते का?

हो. डीएस-१६० मध्ये कधीही अटक किंवा दोषसिद्धी झाली का असं विचारतात. दंड भरून मिटलेली केसही त्यात येते. कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत आत्ताच काढून ठेवा. पाच वर्षांनी शिवाजीनगर कोर्टात रेकॉर्ड शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं. दारूशी संबंधित अटक असेल तर व्हिसाआधी वैद्यकीय तपासणीला पाठवू शकतात.

कंपनीच्या बसला किंवा स्कूल व्हॅनला बसवायचं आहे.

इथे यंत्र खरं उपयोगी पडतं, कारण फुंकणारा आणि नोंदी बघणारा वेगळा असतो. फिनलंडमध्ये मुलांच्या शालेय वाहतुकीत २०११ पासून हे सक्तीचं आहे, फ्रान्समध्ये सगळ्या कोचमध्ये २०१५ पासून. हिंजवडी-खराडीच्या फेऱ्यांत पहाटेची शिफ्ट सगळ्यात जोखमीची. तिथे ‘फेल’ झाल्यावर काय करायचं हे आधी ठरवा: राखीव ड्रायव्हर कोण, फोन कोणाला, १५ मिनिटांनी दुसरी चाचणी कोणासमोर. हे ठरलेलं नसेल तर पहाटे पाचला सुपरवायझर ओव्हरराइड कोड देतो, आणि आठवड्याभरात तो कोड सगळ्यांना पाठ होतो. प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचं माउथपीस द्या, नोंदी कोण बघणार ते लेखी कळवा.

काढायचं कधी?

स्वतःहून बसवलेलं कधीही काढता येतं. काढणाऱ्याकडून कापलेली स्टार्टरची वायर पुन्हा सोल्डर करून घ्या, नुसती पिळून नाही, आणि निघण्यापूर्वी गाडी पाच-सहा वेळा चालू-बंद करून बघा. मेमरीतल्या नोंदींची प्रत हवी असेल तर ती यंत्र परत करण्याआधी मागा. परत गेलेलं यंत्र पुसून पुढच्या गाडीत बसतं.